प्रश्नातील क्रियापद

‘“कोसला” (१९६३) ही अस्तित्ववादी कादंबरी आहे, या विधानाची साधार चर्चा करा’ असा प्रश्न येताच अनेक विद्यार्थी पांडुरंग सांगवीकराची कहाणी सांगू लागतात. वस्तुतः कथानक येथे विचारलेलेच नाही. ‘विधान’ म्हणजे सिद्ध सत्य नव्हे. ते तपासावयाचे मत होय. ‘चर्चा’ दोन्ही बाजू मागते: मनीच्या मृत्यूने गडद झालेली निरर्थकतेची जाणीव विधानास अनुकूल, तर सांगवीशी न तुटणारे नाते प्रतिकूल ठरू शकते. ‘साधार’ म्हणजे अशा प्रसंगांच्या पुराव्यासह. ‘स्पष्ट करा’ असे असते, तर विधान गृहीत धरून उलगडणे पुरेसे होते. विधान साधार नाकारणारे उत्तरही पूर्ण गुणांस पात्र असते, हे वर्गात सांगणे आणि उत्तरपत्रिका तपासताना पाळणे, ही अध्यापकांचीच जबाबदारी होय.