फक्त साल बदला

कोल्हापुरात फ्लेक्स आणि पत्रिकांचं डिझाईन करणाऱ्याला गिऱ्हाईक हमखास ऐकवतं, “मागच्या वर्षीचंच घ्या, फक्त साल बदला.” सॉफ्टवेअर विकत घ्यावं की भाड्यानं, याचा माझा हिशोब त्या मागणीवर चालतो.

१. आधी बघा, जुनी फाईल पुढच्या वर्षी उघडेल का? अडोबीने मे 2013 मध्ये जाहीर केलं की सीएस6 नंतर नवा कायमचा संच नाही, यापुढे वर्गणीच. वर्गणी थकली की फाईल आपल्या डिस्कवरच राहते, पण इलस्ट्रेटर उघडत नाही. म्हणून काम संपलं की पीडीएफ काढायची, आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळी ठेवायची. कर्व्ह केलेल्या अक्षरांत साल टाईप करून बदलता येत नाही!

२. कायमचा परवानाही म्हातारा होतो. पेजमेकर 7 आला 2001 मध्ये, तोच शेवटचा. घेतला असेल तर आजही आपलाच, पण त्याला युनिकोड कळत नाही. पत्रिकेचा मजकूर आता व्हॉट्सॲपवर येतो. पेजमेकरमध्ये तसाच चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं. मग कन्व्हर्टर, आणि त्यानंतर रफार न् जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासणं. नावात चूक राहिली तर नवरदेवाचा बाप सॉफ्टवेअरला नाही, आपल्याला धरतो.

३. डोंगल जपा. मराठी फॉन्टचा परवाना कायमचा असला तरी कित्येकदा तो बोटभर डोंगलात असतो. हरवलं तर बहुधा नवी खरेदी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चं पंचगंगेचं पाणी बघितलेल्यानं मशीन माळ्यावर चढवण्याआधी डोंगल खिशात घालावं.

४. क्रॅकचं कोरल वापरून लोक बिनधास्त असतात. कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागतं: किमान सात दिवस कैद, 50 हजारांपासून दंड.

५. गणपतीत किंवा निवडणुकीत जादा माणूस बसवला तर त्याच्यापुरती वर्गणी परवडते. पण दरमहा पैसे जातात म्हणून करार महिन्याचाच असतो असं नाही. वर्षाचा करार हप्त्यांनी फेडत असतो आपण, आणि मध्येच सोडला तर दंड. याच दंडाची माहिती लपवल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारने जून 2024 मध्ये अडोबीवर खटला भरला.

६. इंकस्केप फुकट आहे. फ्लेक्सला चालतं, ऑफसेटच्या सीएमवायके कामाला अडखळतं. नव्या पोरांना मी आधी तेच शिकवतो, कोरल नंतर.