हजारात तीनशे बहात्तर

क्रिकेटमध्ये यष्टींच्या मागे यष्टिरक्षक उभा असतो, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात साधारण त्याच जागी जो गडी असतो, त्याला ‘कॅचर’ म्हणतात. त्याचे काम यष्टिरक्षकापेक्षाही कष्टाचे. तो फलंदाजाच्या पाठीशी अगदी जवळ उकिडवा बसतो आणि चेंडू टप्पा न घेता थेट त्याच्यावर येतो. म्हणून त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर जाड गादी आणि एका हातात भला मोठा चामडी मोजा असतो. चेंडू फेकणाऱ्या गड्याला, म्हणजे ‘पिचर’ला, कोणता चेंडू टाकावा याची खूण बहुधा तोच करतो. सामना संपेपर्यंत त्याची कितीदा उठबस होते, याला गणतीच नाही. गुडघे झिजतात, बोटे दुखावतात. साहजिकच, कॅचरने फलंदाजीतही सर्वांच्या पुढे असावे, अशी अपेक्षा सहसा कोणी धरीत नाही.

जॉश गिब्सन हा कॅचर होता. आणि आज अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल संघांच्या अधिकृत नोंदवहीत फलंदाजीच्या सरासरीत पहिले नाव त्याचेच आहे.

ही सरासरी कशी काढतात, ते आधी समजून घेऊ. आपण क्रिकेटमध्ये एकूण धावांना फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतो. बेसबॉलमध्ये धावा मोजीत नाहीत. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या तळापर्यंत किंवा त्याच्या पुढे सुखरूप पोहोचला, म्हणजे तो एक ‘हिट’ झाला. अशा हिटांना फलंदाजीच्या संधींनी भागावयाचे. पिचरने चार चेंडू वावगे टाकले, तर फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. ती संधी हिशेबात धरीत नाहीत. दहा संधींत तीन हिट मिळाले, तर सरासरी ०.३००, म्हणजे हजारात तीनशे. दहांपैकी सात वेळा हरणारा फलंदाज तेथे उत्तम समजला जातो! गिब्सनची सरासरी आहे हजारात ३७२.

गिब्सनचा जन्म १९११ साली जॉर्जिया राज्यात झाला. पुढे त्याच्या वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळाले आणि कुटुंब तेथे आले. मुलगा अंगाने धिप्पाड, हाताने बळकट. १९३० साली, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधीच, तो होमस्टेड ग्रेज या नामांकित संघातून खेळू लागला. परंतु तो कृष्णवर्णीय होता, आणि प्रमुख संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. तसा नियम कोठे लिहिलेला नव्हता. संघमालकांनी तो आपापसांत पाळला होता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून खेळला होता. योगायोग असा की तोही कॅचरच. त्या वर्षानंतर मिटलेले दार १९४७ पर्यंत उघडले नाही.

म्हणून कृष्णवर्णीयांनी आपले स्वतंत्र संघ व स्पर्धा उभ्या केल्या. त्यांना ‘नीग्रो लीग’ म्हणत. स्पर्धेचे सामने थोडे. त्यांवर पोट भरत नसे. मग हे संघ मोटारगाडीने गावोगाव हिंडत आणि मिळेल त्या संघाशी खेळत. कित्येक उपाहारगृहांत त्यांना जेवण मिळत नसे, निवासगृहांत खोली मिळत नसे. रात्र गाडीतच काढावी लागे. वॉशिंग्टन शहरातील ग्रिफिथ मैदान गोऱ्या खेळाडूंच्या संघाचे होते. तो संघ बाहेरगावी गेला की ग्रेज संघ भाडे भरून त्याच मैदानावर खेळे. मैदान एक, चेंडू तसाच, खेळाचे नियमही तेच. एका संघाचे आकडे मात्र अधिकृत वहीत जात, दुसऱ्याचे जात नसत.

मी अनेक वर्षे वर्गाचा हजेरीपट भरला. ज्या मुलाचे नाव पटावर आहे, तो न आल्यास गैरहजर ठरतो. ज्याचे नावच पटावर घातलेले नाही, तो वर्गात समोर बसला असला तरी कागदावर हजरही नसतो आणि गैरहजरही नसतो. गिब्सनचे असेच झाले.

१९४३ सालच्या आरंभी तो बेशुद्ध होऊन इस्पितळात पडला. मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेस त्याने नकार दिला आणि तो पुन्हा मैदानावर उतरला. त्याच हंगामातील त्याची सरासरी हजारात ४६६ आहे! २० जानेवारी १९४७ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. पुढे तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू प्रमुख संघातून मैदानात आला. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ सालापर्यंत नावाचा दगडही नव्हता.

त्याच्याविषयी दंतकथा मात्र पुष्कळ उरल्या. चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला की त्याला ‘होमरन’ म्हणतात. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात १९७२ साली गिब्सनचा समावेश झाला. तेथील त्याच्या फलकावर जवळजवळ आठशे होमरनांचा उल्लेख आहे. त्यांत गावोगावच्या सामन्यांतील होमरनही धरलेले आहेत. अधिकृत वहीत त्याचे होमरन दोनशेही नाहीत, कारण तेथे केवळ स्पर्धेतले, तेही पुरावा सापडलेले, सामने घेतले आहेत. मला ही काटेकोर मोजणी आवडते. तिने दंतकथेला काट मारली, म्हणूनच तिच्या ३७२ वर विश्वास ठेवता येतो.

ही मोजणी सोपी नव्हती. कृष्णवर्णीयांच्या जुन्या वृत्तपत्रांत छापलेली धावपत्रके संशोधकांनी अनेक वर्षे एकेक करून शोधली, एकमेकांशी ताडून पाहिली. मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातील हे आकडे अधिकृत वहीत सामील झाले. तोवर टाय कॉब हा ३६७ सरासरीने पहिला होता. तो दुसरा झाला. काहींनी आक्षेप घेतला, की कॉबला अकरा हजारांहून अधिक संधी मिळाल्या आणि गिब्सनला दोन हजारांहून थोड्याच अधिक. मग ही तुलना न्याय्य कशी? प्रश्न गैर नाही. पण गिब्सनच्या संधी कमी का, याचे उत्तर वर आलेच आहे.

अजूनही सर्व नोंदी हाती आलेल्या नाहीत. सुमारे तीन चतुर्थांशच मिळाल्या आहेत. शोध चालू आहे. उद्या एखाद्या जीर्ण वृत्तपत्राच्या पानावर आणखी एक सामना सापडला, तर ३७२ हा आकडा बदलेल. कदाचित वर जाईल, कदाचित एखाद्या अंकाने खालीही येईल.