जमातीचा दाखला आणि न्यायालयाचे तीन निकाल

पनवेल, कर्जत, खालापूरच्या वाड्यांतली मुले बारावीपर्यंत पोहोचली, की घरात एक नवा शब्द येतो : ‘व्हॅलिडिटी’. प्रांत कार्यालयातून मिळालेला जमातीचा दाखला तेवढ्याने पुरत नाही. राखीव जागेवरचा प्रवेश टिकवायचा, तर तपासणी समितीने तो दाखला वैध ठरवावा लागतो. या समितीला एवढा अधिकार कोणी दिला, आणि तो कुठे थांबतो, हे या अंकात पाहू.

समितीचा आजचा साचा घडवला तो न्यायालयाने. कायदा नंतर आला. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘माधुरी पाटील विरुद्ध अपर आयुक्त, आदिवासी विकास, ठाणे’ या खटल्याचा निकाल दिला. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा जात होत्या. म्हणून न्यायालयाने पंधरा निर्देश दिले. समिती नेमा, तिला पोलीस अधिकाऱ्यांचे दक्षता पथक द्या, पथकाने मूळ गावी जाऊन चौकशी करावी. देव कोणते, लग्न कसे लागते, मयताचे विधी कसे होतात, हेही विचारावे. यालाच ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. पुढे राज्याचा कायदा ऑक्टोबर २००१ मध्ये लागू झाला आणि जमात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आला.

हेतू योग्यच होता. पण वडील नोकरीला लागून कुटुंब शहरात आले असेल, तर मुलाला आजोबांच्या काळचे विधी कुठून माहीत असणार? तेवढ्यावरून तो आदिवासी नाही असे ठरवायचे का?

२०११ मध्ये ‘आनंद’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले. स्थलांतर, शिक्षण, इतर समाजांशी संपर्क यांनी चालीरीती बदलतात. म्हणून ही चाचणी एकमेव कसोटी नव्हे. स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदींना जास्त वजन द्यावे. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ‘महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती’च्या खटल्यात, यावर शिक्कामोर्तब केले. शिवाय प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवणे सक्तीचे नाही. कागदपत्रांवरून समितीचे समाधान झाले नाही, तरच पाठवावे, असेही सांगितले.

ज्यांच्याकडे जुने कागद आहेत, त्यांना हा मोठा दिलासा. कातकरी घरांचे मात्र वेगळे आहे. वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेल्या आजोबांचे नाव कोणत्या शाळेच्या रजिस्टरात सापडणार? त्यांच्यासाठी २०११ च्या निकालातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. अर्जदार शाळेत जाणारी पहिलीच पिढी असेल, तर कागद नाहीत एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. उलट संशयाचा थोडा फायदा त्याला देता येतो. वाड्यांवर जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे अर्जासोबत लेखी मांडायला शिकावे.

कागद शोधायचेच असतील, तर जिल्हा परिषद शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्म-मृत्यूची जुनी नोंद आधी पाहावी. वडिलांना किंवा सख्ख्या काकांना रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर ते प्रमाणपत्र अवश्य जोडावे. आणि दावा फेटाळला गेलाच, तर कारणांसह आदेशाची प्रत लगेच मागून घ्यावी. त्यावर दाद फक्त उच्च न्यायालयात मागता येते, आणि वकील पहिल्यांदा तीच प्रत मागतात.