बुलेट घे, पण आत्ता नको

वडशाच्या नोकरीची ऑर्डर आली त्या दिवसापासून तुझ्या मोबाइलवर क्लासिक 350 चा फोटो आहे, हे मला ठाऊक आहे. बाबांच्या मनात स्कूटी आहे, हेही ठाऊक आहे. तुम्हा दोघांच्या भांडणात मी पडणार नाही. पण लाखांदूर-वडसा रोज येणं-जाणं तू करणार आहेस, म्हणून माझं जरा ऐकून घे वं.

गाडीच्या आधी लायसन. कच्चं लायसन आधारवर घरबसल्या निघतं, 6 महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. आपल्याकडच्या पोरी फसतात त्या इथेच. टेस्टला सोपं पडतं म्हणून मैत्रिणीची स्कूटी नेतात आणि लायसनवर 'विदाउट गिअर' पडतं. मग दारात मोटारसायकल उभी असूनही कायद्याने हात लावायची सोय नाही; परत अर्ज, परत टेस्ट. तू टेस्टला गिअरचीच गाडी ने. कच्च्यावर असेपर्यंत पुढेमागे लाल 'एल' लाव आणि कुणाला डबलसीट घेऊन मिरवू नकोस. मागे बसलाच तर शिकवणारा, पक्कं लायसन असलेला माणूस बसेल. म्हणजे मी.

आता गंमत बघ. ऑस्ट्रेलियात नवशिक्याने कोणती मोटारसायकल चालवायची हे सरकार ठरवतं: 660 सीसीच्या वर नाही आणि वजनाच्या मानाने ताकद टनाला 150 किलोवॉटच्या आत. आपल्याकडे गिअरचं लायसन हातात आलं की 100 सीसी घ्या नाहीतर 1000, कोणी विचारत नाही. म्हणजे अक्कल आपली आपणच वापरायची. तुझी क्लासिक त्यांच्या नियमात आरामात बसते बरं का. तिची ताकद 20 बीएचपीच्या आसपास. तेव्हा ताकदीची मला भीती नाही. भीती आहे ती 195 किलोंची.

चालत्या गाडीचं वजन कळत नाही, उभ्या गाडीचं कळतं. तोंड उताराकडे करून लावलेली गाडी संध्याकाळी मागे ओढायची, खांद्याला पर्स, पाठीमागे ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, तेव्हा कळतं. म्हणून शोरूममध्ये टेस्ट राइडची घाई करू नकोस. आधी बंद गाडीवर बस आणि दोन्ही पाय टेकव. नुसती बोटं टेकून चालणार नाही, निम्मा तरी तळवा जमिनीला लागला पाहिजे. मग उतर, हँडल धर आणि गाडी थोड्या चढावर मागे ढकल. सेल्समन हसेल. हसू दे.

सीटच्या उंचीचे आकडे कागदावर असतात: क्लासिक 805 मिलिमीटर, मिटिऑर 765, अ‍ॅव्हेंजर तर 737. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढीच उंची असून पाय अधांतरी राहतात. बसून बघितल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

मोठी गाडी बायकांना झेपत नाही असं मी म्हणत नाहीये. पुण्याच्या उर्वशी पाटोळेने 2011 मध्ये 'बाइकर्नी' सुरू केली, त्यातल्या बायका खारदुंग ला चढून आल्या. पण हात बसल्यावर. आणि त्यांना रोवणीतला आपला रस्ता नव्हता. जुलैत ट्रॅक्टर बांधीतून निघतो तो केजव्हीलसकट डांबरावर येतो आणि चिखलाचे गोळे टाकत जातो. वर एक सर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा. तिथे पुढचा ब्रेक घाईने दाबला की चाक जाम, गाडी आडवी. एबीएस असेल तर चाक जाम होत नाही. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना तो एप्रिल 2019 पासून सक्तीचा आहे. 125 आणि त्याखाली कंपनीने सीबीएस दिला तरी भागतं. सीबीएस ब्रेक दोन्ही चाकांत वाटतो, पण चाक जाम होऊ नये याची हमी देत नाही.

म्हणून माझं मत 150-160 सीसीचं आहे. स्प्लेंडर 112 किलोंची, अ‍ॅव्हरेजला तोड नाही, नुसत्या वडशासाठी भरपूर झाली. पण तुला सुट्टीत पचमढी, चिखलदरा करायचंय. साकोलीला हायवेवर लागलीस की ट्रक ओलांडताना 100 सीसीचा दम संपतो. युनिकॉर्न, पल्सर, अपाची या जातीत तो उरतो, आणि वजन 140-150 च्या घरात राहतं. टाकीही मोठी. बाकी ट्यूबलेस टायर बघून घे, कारण अर्जुनीच्या जंगलात पंक्चरवाला शोधायचा कुठे? चेन झाकलेली असेल तर उत्तम. ओढणी चेनमध्ये गेलेली मी पाहिली आहे, त्याचं वर्णन करत नाही. आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे पैसे भरायच्या आधी विचार.

सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे सेल्समन तुला क्लासिककडे ओढणारच. तेवढे पैसे वाचले तर हेल्मेटला घाल. आयएसआयचा शिक्का नसलेलं विकायलाच 1 जून 2021 पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपल्यासारखी टांगलेली दिसतात. त्यातलं आणलंस तर घरात घेणार नाही.

रात्रीची गाडी नको. मी वाघाचं भय घालत नाही. 13 माणसं मारलेला सीटी-1 ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा जंगलातच पकडला. पण रोही आणि रानडुक्कर रोजचे आहेत, आणि ते इंडिकेटर देत नाहीत.

पहिली लांबची फेरी हिवाळ्यात नवेगावबांधची कर, पहाटे निघून उजेडात परत. मागे मी बसते. क्लासिकचं दोन पावसाळे गेल्यावर बघू, तेव्हा बाबांशी मी बोलेन.

रविवारी शोरूमला जाऊ. घरी सांग, स्कूटी बघायला चाललोय.