घटक ६ : अप्रिय पात्रांचा विनोद – एका दीर्घ मालिकेचा अभ्यास

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• अप्रिय पात्रांवर आधारलेल्या विनोदाचे आकर्षण स्पष्ट करता येईल;
• पात्राची दृष्टी व लेखकाची दृष्टी यांतील अंतर ओळखता येईल;
• अशा विनोदाच्या मर्यादांची चर्चा करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विनोदी कलाकृतीतील माणसे चुकली तरी मनाने चांगली असावीत, अशी आपली सर्वसाधारण अपेक्षा असते. मग ज्यांना आपण घराच्या उंबरठ्यावरही उभे करणार नाही, अशांच्या सहवासात प्रेक्षक वर्षानुवर्षे का रमतो? या प्रश्नाचा विचार आपण ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ या अमेरिकी मालिकेच्या आधारे करू. ही मालिका २००५ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये तिचे पंधरावे पर्व प्रसारित झाले आणि प्रत्यक्ष नटांनी साकारलेल्या अमेरिकी प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकांत पर्वसंख्येने ती सर्वांत दीर्घ ठरली.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ न सुधारणारी पात्रे

डेनिस व डी ही जुळी भावंडे, त्यांचे मित्र मॅक व चार्ली आणि दुसऱ्या पर्वात येऊन मिळालेला फ्रँक हे पाच जण एक पब चालवतात. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त हास्यरसाच्या विभावांमध्ये धार्ष्ट्य, लौल्य आणि असत्प्रलाप यांची गणना केली आहे. म्हणजे निर्लज्ज धिटाई, हावरेपणा आणि वायफळ बडबड. या पाच जणांत हे तिन्ही दोष ठासून भरलेले आहेत. ते स्वार्थासाठी बेत रचतात आणि बहुधा त्याच स्वार्थापायी तो बेत कोसळतो. पुढच्या भागात मात्र ते पुन्हा तसेच असतात. त्यामुळे प्रेक्षकाला दुहेरी समाधान मिळते. सभ्यतेने दडपलेल्या वासना उघड वावरताना दिसतात आणि त्यांची फजितीही पाहायला मिळते.

६.३.२ दोन दृष्टींमधील अंतर

अनेक भागांच्या आरंभी एखादे पात्र काहीतरी ठामपणे नाकारते आणि लगेच पडद्यावर त्या भागाचे शीर्षक त्याला खोटे पाडते. पाठोपाठ प्रसन्न, जुन्या वळणाचे वाद्यसंगीत वाजू लागते. पात्र स्वतःला शहाणे समजते. लेखक मात्र ते किती आंधळे आहे, हे आपल्याला दाखवतो. आपण पात्राच्या बाजूने हसत नाही, तर लेखकाच्या शेजारी उभे राहून पात्राला हसतो. हे अंतर हाच या विनोदाचा कणा होय.

६.३.३ हास्याची किंमत

विनोदातील दोष वेदनादायक वा विघातक नसावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. ब्लॅक कॉमेडी ही अट मोडते. या मालिकेतील ‘क्रिकेट’ हे दुय्यम पात्र प्रथम येते ते धर्मगुरू म्हणून. डीच्या खोट्या प्रेमापायी तो धर्मगुरूपद सोडतो, पुढे बेघर व व्यसनाधीन होतो. आगीत त्याचा चेहराही विद्रूप होतो. प्रमुख पात्रे प्रत्येक भागात नव्याने आरंभ करतात, क्रिकेटच्या जखमा मात्र पुसल्या जात नाहीत. आपल्या हसण्याचा हिशेब त्याच्या देहावर लिहिला जातो. विनोद न थांबवता मालिकेने केलेली ही नैतिक नोंद आहे.

६.३.४ मर्यादा

हे अंतर नेहमीच स्पष्ट राहते असे नाही. चेहरा रंगवून अन्य वंशाचे सोंग घेण्याचे प्रसंग असलेले काही भाग २०२० मध्ये स्ट्रीमिंग सेवांवरून काढून टाकण्यात आले. येथे हसे होते ते पात्राच्या अज्ञानाचे, असे समर्थन करता येते. परंतु ज्या समाजाची अशा सोंगांनी पिढ्यानपिढ्या हेटाळणी झाली, त्यातील प्रेक्षकाला आधी तो रंगवलेला चेहराच दिसतो. लेखकाचा हेतू निर्दोष असला, तरी तेवढ्याने हा आक्षेप निकाली निघत नाही.

६.४ सारांश

अप्रिय पात्रे आवडतात याचा अर्थ त्यांचे वर्तन आपल्याला मान्य असते असा नाही. लेखकाने राखलेल्या अंतरामुळे आपण त्यांचे दोष निर्भयपणे न्याहाळतो आणि त्यांतले काही आपल्यातही ओळखतो. ते अंतर नाहीसे झाले की विनोदाची जागा क्रौर्य घेते. म्हणून अशी कलाकृती पाहताना अखेर हसे कोणाचे होते आणि दुखापत कोणाला होते, हे दोन प्रश्न स्वतःला अवश्य विचारावेत.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भरताने सांगितलेल्या हास्यरसाच्या विभावांच्या आधारे या मालिकेतील पात्रांचे स्वरूप स्पष्ट करा.
२. ‘क्रिकेट’ या पात्रामुळे प्रेक्षकाच्या हास्याला कोणते परिमाण लाभते?
३. आपण वाचलेल्या एखाद्या मराठी विनोदी कथेतील वा नाटकातील अप्रिय पात्र निवडून, लेखकाने त्याच्यापासून अंतर कसे राखले आहे ते १०० शब्दांत लिहा.