घरचा ब्राउझर मंदावला? नवा संगणक घेण्यापूर्वी दोष शोधा

महिन्याची २० तारीख. मुंब्रा, राबोडी किंवा कल्याणच्या दूधनाका भागातील एखादा शिलाई कारखानदार रात्री घरच्या संगणकासमोर बसतो असे समजा. दिवसभर कारागीर आणि गिऱ्हाईक सांभाळून झाले, आता जीएसटीचे विवरणपत्र भरायचे आहे. पण पान उघडत नाही. मधोमध चक्र फिरत राहते. तारीख उलटली की दर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि राहिलेल्या करावर व्याज. कोणीतरी सांगतो, "संगणक जुना झाला, नवा घ्या." धंद्याच्या भांडवलातून तीस-पस्तीस हजार रुपये निघतात. नवा संगणक येतो आणि पान पूर्वीइतक्याच सावकाश उघडते! कारण दोष संगणकात नव्हताच.

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंवर अशी वेळ येऊ नये म्हणून हा दोष कसा शोधायचा, याची माहिती येथे देत आहोत. यासाठी संगणकाचे विशेष शिक्षण लागत नाही. शिलाईचे यंत्र अडले की आपण आधी दोरा पाहतो, मग सुई, मग बॉबिन. लगेच मोटार खोलत नाही. येथेही तोच क्रम पाळायचा आहे.

दोषाच्या चार जागा

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढची काही वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरूनच येत असे आणि त्या पद्धतीचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट होता. ७०० किलोबाइटचे एक चित्र उतरायला त्या वेगानेही १०० सेकंद लागत. त्या काळी "नेट हळू आहे" म्हणजे दोष तारेचा, हे बहुधा खरे असे. आज ४० मेगाबिटच्या जोडणीवर तेच चित्र डोळ्याची पापणी लवण्याआत उतरते. म्हणून आता दोष चार ठिकाणी शोधावा लागतो: लाइन, वेबसाइट, ब्राउझर आणि संगणक.

१. लाइन

घरच्या वाय-फायवर मोबाइल जोडा आणि तेच पान मोबाइलवर उघडा. मोबाइलवरही हळू उघडले तर वाय-फाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर उघडा. डेटावर झटकन उघडले तर दोष घरच्या लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये आहे.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करा. तरी फरक नसेल तर संगणक वायरने थेट राउटरला जोडून पाहा. वायरवर वेग चांगला मिळाला तर लाइन ठीक आहे, अडचण वाय-फायची आहे. आपल्याकडील इमारतींत एका मजल्यावर चार-पाच घरांचे राउटर असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न आणणारे मार्ग जेमतेम तीन, म्हणून तेथे गर्दी होते. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असल्यास ती वापरा. मात्र ती भिंतींतून फार दूर जात नाही, राउटर जवळ असावा.

फास्ट डॉट कॉम या साइटवर वेग मोजता येतो. येथे एक हिशोब लक्षात ठेवा: कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतील. वायरवरही ठरलेल्यापेक्षा फारच कमी वेग मिळत असेल तर त्या आकड्यांसह कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

२. वेबसाइट

बाकी सर्व साइट झटपट उघडतात आणि एकच साइट अडते, असे असेल तर घरात काहीही दुरुस्त करू नका. शेवटच्या दिवशी सगळा देश एकाच दारात उभा असतो. दरमहा भरावयाच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत पुढील महिन्याची २० तारीख असते. तिमाही योजनेतील महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांसाठी ती २२ आहे. १५-१६ तारखेला सकाळी लवकर बसलात तर हाच संगणक वेगवान वाटू लागेल. ज्या महिन्यात खरेदी-विक्री काहीच नाही, त्या महिन्याचे शून्य विवरणपत्र १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवून भरण्याची सोय जून २०२० मध्ये सुरू झाली. तिला ब्राउझर लागतच नाही.

३. ब्राउझर

मोबाइलवर ठीक पण संगणकावर सगळ्याच साइट हळू, असे असेल तर ब्राउझर तपासा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबा. इन्कॉग्निटो खिडकी उघडेल. या खिडकीत एक्सटेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली वरकड साधने, सहसा बंद असतात. येथे पान लवकर उघडले तर दोषी बहुधा त्यांतलेच एखादे. सेटिंगमध्ये जाऊन न लागणारी एक्सटेन्शन्स काढून टाका.

एकाच वेळी वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवण्याची सवयही महागात पडते. शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसते. जड टॅब बंद करा.

साठलेला कचरा काढण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबा आणि फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' यावर खूण करा. पासवर्डवर खूण करू नका. बँकेचे आणि जीएसटीचे जतन केलेले पासवर्ड पुसले जातील. शेवटी ब्राउझर अद्ययावत आहे ना ते पाहा. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला आहे. तो अजून वापरात असल्यास सोडा.

४. संगणक

येथवर दोष सापडला नाही तरच संगणकाकडे वळा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि तीन रकाने पाहा. 'मेमरी' सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. ४ जीबी असल्यास ८ करा. 'डिस्क' सतत १०० टक्के असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जुना संगणकही चपळ होतो. नव्या संगणकाच्या तुलनेत हा खर्च बराच कमी. 'सीपीयू' विनाकारण चढा असेल तर 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जाऊन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते कार्यक्रम बंद करा. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर जागा मोकळी करा.

कारखान्यालगतच्या घरांत आणखी एक कारण असते. सुताचे बारीक तंतू आणि लाकडाचा भुसा पंख्यात अडकतात, संगणक तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. वीज बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने पंखा व जाळी साफ करा.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तुमचा संगणक विंडोज ११ घेऊ शकत नसेल तर मात्र नव्या संगणकाचा विचार रास्त ठरतो. पण ते कारण सुरक्षिततेचे आहे, मंद वेगाचे नव्हे.

एक सावधगिरी

पडद्यावर अचानक "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" अशी पाटी आली तर फोन करू नका. ब्राउझर बंद करा. संगणक वेगवान करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पडदा दाखवणारे ॲप उघडू देऊ नका. त्यात गल्लाच उघडा पडतो. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर कळवा.

हा लेख कापून संगणकाजवळ ठेवा. महिन्यातून एका शुक्रवारी, दुकान बंद असते त्या वेळेत, पंधरा मिनिटे काढून वेग मोजा आणि आकडा वहीत लिहा. उधारीची वही ठेवणाऱ्याला हे अवघड नाही. पुढे कधी कोणी "नवा घ्या" म्हणाला, तर त्याच्यासमोर ती वही उघडता येईल.