वत्सगुल्म : आपल्या शेजारची जुनी राजधानी



मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गात मी जगाचा नकाशा टांगला होता. भूमध्य समुद्र दाखवला. त्याच्या काठचा इटली देश दाखवला आणि रोम शहराची गोष्ट सांगितली. दोन हजारांहून अधिक वर्षांचे शहर. तिथे राजे झाले, सम्राट झाले, शहर उजाड झाले, पुन्हा वसले. गोष्ट संपली तेव्हा मागच्या ओळीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आपल्या इकडं कोनी राजा नव्हता काय जी? सारा इतिहास दूरच घडला काय?"

सारा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण लहानपणी हाच प्रश्न माझ्याही मनात होता. त्या मुलाला मी म्हटले, "याचे उत्तर भित्तिपत्रकात देतो." तेच आज लिहीत आहे.

राजधानी कुठे होती?

आपल्या पुसदहून एस.टी.त बसून सकाळी वाशीमला गेलेला माणूस बाजार करून त्याच दिवशी घरी येतो. तुमच्यापैकी कित्येकांचे मामा-मावशी तिकडे आहेत. हे वाशीम म्हणजेच जुने वत्सगुल्म. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी तिथे वाकाटक राजांची राजधानी होती.

वाकाटक घराण्यातला पहिला प्रवरसेन हा फार पराक्रमी राजा. त्याने चार अश्वमेध यज्ञ केले. त्याच्यानंतर, म्हणजे इ. स. ३३० च्या सुमारास, राज्याच्या वाटण्या झाल्या. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला राहिली. प्रवरसेनाचा दुसरा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला आपली गादी स्थापली.

आता पाहा हं, इ. स. ३३० हे साल लक्षात ठेवायला सोपे आहे. त्याच साली रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने आपली नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे केली. म्हणजे तिकडे एक नवी राजधानी झाली, आणि साधारण त्याच सुमारास इकडे आपल्या शेजारीही झाली.

सर्वसेन राजा तर होताच, पण कवीसुद्धा होता. श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला त्या कथेवर त्याने 'हरिविजय' हे काव्य लिहिले, आणि ते प्राकृत भाषेत लिहिले. ते काव्य आज पूर्ण मिळत नाही. पुढच्या पंडितांनी त्यातले श्लोक आपल्या ग्रंथांत घेतले, तेवढेच उरले.

नाव कसे बदलले?

'वत्सगुल्म' या नावाविषयी दोन कथा आहेत. एक म्हणते, वत्स नावाच्या ऋषीने इथे तप केले आणि त्याच्यासाठी देवांचा समूह, म्हणजे गुल्म, इथे जमला. दुसरी म्हणते, वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र होते, त्यांच्यावरून हे नाव पडले.

पण 'वत्सगुल्म'चे 'वाशीम' झाले कसे? संस्कृतातले 'वत्सगुल्म' प्राकृतात 'वच्छोम' झाले. त्याचेच घासून घासून वाशीम झाले. हे खोटे वाटते का? मग 'मत्स्य' शब्द घ्या. मत्स्य, मच्छ, मासा! तुमच्या गोठ्यातले वासरूसुद्धा 'वत्स' शब्दातूनच आले आहे. आपण रोज बोलतो ते शब्दसुद्धा असे जुने आहेत. विदर्भातल्या काव्यरीतीला राजशेखर नावाच्या कवीने 'वच्छोमी' म्हटले आहे, ते याच गावावरून.

अजिंठ्याशी नाते

या शाखेतला शेवटचा मोठा राजा हरिषेण. तो इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. त्याचा प्रधान वराहदेव. अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी याच वराहदेवाने कोरवून घेतली. तिथल्या लेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे, आणि कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र अशा देशांची नावे हरिषेणाच्या पराक्रमाच्या संदर्भात आली आहेत. अजिंठ्याची चित्रे पाहायला देशोदेशीचे लोक येतात. ती लेणी कोरली गेली त्या काळचा राजा आपल्या शेजारच्या वाशीमला राहत होता, हे मात्र आपल्याच मुलांना ठाऊक नसते.

हरिषेणानंतर थोड्याच वर्षांत हे राज्य मोडले. पश्चिम रोमचा शेवटचा सम्राटही इ. स. ४७६ मध्ये पदावरून गेला. दोन्हीकडची गादी साधारण एकाच काळात गेली.

पुढे काय झाले?

राजधानी गेली, पण गाव राहिले. यादव आले, बहमनी आले, निजाम आले, नागपूरकर भोसले आले. इ. स. १७६९ मध्ये थोरले माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांचा कनकापूरचा तह झाला. त्यात भोसल्यांनी दरसाल वाशीम व बाळापूरचे कापड पेशव्यांना द्यावे असे एक कलम होते. म्हणजे वाशीमच्या विणकरांच्या हातच्या कापडाची ख्याती पुण्यापर्यंत होती. वाशीमचे बालाजीचे देऊळ भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी त्याच शतकात बांधले.

इंग्रजांच्या काळात वाशीम हा जिल्हा होता आणि आपला पुसद तालुका त्यात होता, बरं का! इ. स. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला. वाशीम अकोल्याकडे गेले, आणि पुसद आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाले. रोमचेही असेच आहे. कित्येक शतके गेल्यावर, १८७१ मध्ये, ते पुन्हा एका देशाची राजधानी झाले.

हे सारे कळले कसे?

आता खरी गोष्ट इथे आहे. शंभर वर्षांपूर्वी कोणी तुम्हाला विचारले असते की वत्सगुल्मला वाकाटकांची वेगळी गादी होती का, तर मोठमोठे पंडितही 'हो' म्हणू शकले नसते. अजिंठ्याचा लेख होता, पण त्यातली काही अक्षरे झिजली होती. सर्वसेनाचे नाव नीट वाचता येत नव्हते. सारे राजे एकाच ओळीत बसवले जात होते.

इ. स. १९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. दुसऱ्या विंध्यशक्तीने, म्हणजे सर्वसेनाच्या मुलाने, आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्महून दिलेला तो दानलेख होता. थोडा संस्कृतात, थोडा प्राकृतात. नांदेडकडच्या एका गावाचे ते दान होते. तो प्रथम प्रसिद्ध करणाऱ्यांत आपल्या यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे होते. नंतर नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाशी तो ताडून पाहिला, झिजलेले नाव पुन्हा वाचले, आणि दोन शाखांचा उलगडा झाला. तांब्याच्या काही पत्र्यांनी एक हरवलेली राजधानी परत दिली!

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही.

मी तिसरीत असताना आमच्या जुन्या घराची भिंत पाडली. मातीत तांब्याचा एक पत्रा निघाला, हिरवा पडलेला. मी तो राखेने घासला, तर त्यावर अक्षरे दिसली. मी बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "जुनं तांबं हाय ते." दुसऱ्या बाजाराच्या दिवशी तो मोडीत गेला आणि त्याच्या बदल्यात थोडे पैसे घालून आईला एक गुंड आला. बाबांची काही चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आईने त्या गुंडाने कित्येक वर्षे पाणी भरले. पुढे डी.एड.ला असताना मी पुस्तकात ताम्रपटाचे चित्र पाहिले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्या पत्र्यावर एखाद्या शेताचा व्यवहार असेल, नाही तर एखाद्या राजाचे नाव असेल. ते आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून मागच्या ओळीतल्या माझ्या मित्रा, इतिहास दूर घडला नाही. तो आपल्याही मातीत आहे. रोमच्या लोकांनी आपले बरेच जपले, म्हणून ते पुस्तकात आले. आपले आपण मोडीत घातले, तर ते पुस्तकात कुठून येणार?

घराचा पाया खोदताना, विहीर खणताना, नांगरताना काही जुने सापडले, नाणे, पत्रा, मूर्ती, कोरलेला दगड, तर एवढे करा. ते घासू नका, विकू नका, वितळवू नका. गुरुजींना सांगा, सरपंचांना सांगा, तहसीलदारांना कळवा. १८७८ चा एक कायदाच आहे, की जमिनीत सापडलेले गुप्तधन सरकारला कळवले पाहिजे. आणि आज घरी गेल्यावर ही गोष्ट आईबाबांना सांगा.

स्वाध्याय

१. वत्सगुल्मच्या गादीचा पहिला राजा कोण? त्याने कोणते काव्य लिहिले?

२. पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यात केव्हा आला?

३. 'मत्स्य'चे 'मासा' झाले. असे बदललेले आणखी दोन शब्द घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा.

४. आपल्या गावातले सर्वांत जुने देऊळ, बारव किंवा दगड कोणता? आजीला विचारून पाच ओळी लिहून आणा. चांगले लेखन पुढच्या महिन्यात याच फळ्यावर लावू.